सहा नंबरच्या बटणावरची चकती

कारखान्यात तिला सगळे चकतीबाई म्हणत. हे नाव ज्याने ठेवलं तो कधीच निवृत्त होऊन घरी बसला, पण नाव काही निवृत्त झालं नाही. तिलाही त्याचा राग नव्हता. सव्वीस वर्षं माणूस चकत्याच चिकटवत असेल तर लोकांनी त्याला दुसरं म्हणायचं तरी काय?

कारखाना विजेच्या पेट्यांचा. इमारतीच्या जिन्याखाली, रस्त्याच्या कडेला, गोदामाच्या कोपऱ्यात करड्या रंगाच्या ज्या लोखंडी पेट्या उभ्या असतात आणि ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, त्या इथे तयार व्हायच्या. पत्रा वाकवून, जोडून झाला की पेटी रंगाला जायची. रंग म्हणजे डब्यातला ओला रंग नव्हे. पिठासारखी कोरडी पावडर बंदुकीने पेटीवर उडवायची आणि पेटी भट्टीत घालायची, की ती पावडर वितळून पत्र्याला अशी धरते की नखाने खरवडून निघत नाही. पण रंगाऱ्याच्या हातात जाण्याआधी प्रत्येक पेटी चकतीबाईच्या टेबलावर यायची, कारण पेटीवर काही जागा अशा असतात जिथे रंग बसताच कामा नये. भोकांच्या आट्यांत रबरी बुचं बसवायची, बिजागऱ्यांवर पट्टी लावायची आणि सगळ्यात शेवटी दाराच्या आतल्या अंगाला, खाली, नाण्याएवढ्या जागेवर हिरव्या टेपची गोल चकती चिकटवायची. हा टेप भट्टीतही जळत नाही. पेटी थंड झाली की चकती नखाने उचकटायची. खाली पत्रा जसाच्या तसा, उघडा आणि चकचकीत.

ती उघडी जागा अर्थिंगच्या तारेची. आतली एखादी वायर सुटून पेटीला लागली, तर वीज त्या जागेतून तारेत आणि तारेतून जमिनीत निघून जाते. त्या जागेवर रंग बसला असेल तर विजेला वाटच राहत नाही. ती पेटीच्या अंगातच थांबते आणि दाराची मूठ धरणाऱ्याची वाट बघते. नव्याने कामाला लागलेल्या बायकांना चकतीबाई हे पहिल्याच दिवशी सांगायची, तेही आवाज न चढवता. "पेटी छान दिसते का नाही ते रंगारी बघेल. माणूस मरू नये ते आपण बघायचं." सव्वीस वर्षांत तिची एकही चकती चुकली नव्हती. मालकाच्या लक्षात नसेल हे, तिच्या पक्कं लक्षात होतं.

अशी ही बाई, केस पिकलेले, चष्मा नाकावर घसरलेला, दर रविवारी सकाळी दहा वाजता दाढीवाला होऊन बसायची. त्याचं असं झालं.

तिचा नवरा टपालखात्यात होता आणि त्याला एका ऑनलाइन खेळाचं वेड होतं. त्या खेळात हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच जगात हिंडतात, टोळ्या करतात आणि राक्षस मारतात. नवऱ्याचं पात्र ढालकरी. छातीपर्यंत रुळणारी दाढी, हातात दरवाजाएवढी ढाल, आणि काम एकच, पुढे उभं राहून मार खायचा. त्याची धाकटी बहीण, म्हणजे चकतीबाईची नणंद, बसने आठ तासांवर दुसऱ्या शहरात राहायची. तिचं पात्र वैदीण. भावाच्या मागे उभं राहून मंत्र टाकायचे आणि त्याच्या जखमा भरायच्या. दोघं भावंडं कानाला हेडफोन लावून दर रविवारी तीन तास खिदळायची. "पन्नाशी उलटलेली घोडी ही," चकतीबाई स्वयंपाकघरातून मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायची, आणि तरीही दोघांचं खिदळणं चालू असतानाच एक कप चहा नेऊन ठेवायची. एकच, कारण दुसरी आठ तासांवर होती.

चार वर्षांपूर्वी नवरा गेला. छातीत कळ, हॉस्पिटलात तीन दिवस, संपलं. नणंद मोठी बॅग घेऊन आली, महिनाभर राहायच्या तयारीनेच. चकतीबाईने तिला चौथ्या दिवशी परतीच्या बसमध्ये बसवून दिलं. भांडून नाही हो, अगदी गोड बोलून. "मी ठीक आहे, वन्सं. तुमचं घर किती दिवस बंद ठेवणार?" बस सुटताना नणंद खिडकीतून काहीतरी म्हणाली. चकतीबाईने ऐकू न आल्यासारखं हात हलवला. पण ऐकू आलं होतं. नणंद म्हणाली होती, "वहिनी, मलाही कोणीतरी हवं होतं गं."

दोन महिन्यांनी एका रविवारी नणंदेचा फोन आला. राहायला येते वगैरे काही नाही. सरळ म्हणाली, "दादाचा दाढीवाला नदीकाठी तसाच उभा आहे. रस्त्यातच. येणारेजाणारे त्याच्या अंगावरून जातात. निदान त्याला बाजूला तरी कर." आता चकतीबाईला वस्तू भलत्या जागी पडलेली खपत नाही. ती लॅपटॉप उघडून बसली, नणंदेने फोनवरून सांगितलं ते बटण दाबलं, आणि दाढीवाला दोन पावलं चालला. बाई ती दोन पावलं बघतच राहिली. बाजूला करायला म्हणून बसली ती चार वर्षं उठली नाही.

पहिल्याच आठवड्यात एका चेटकिणीने दोन मंत्रांत दाढीवाल्याला जाळलं. पडद्यावर तो गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला. खेळात मेलेला माणूस मिनिटभरात वेशीपाशी पुन्हा उभा राहतो, हे सांगायचं नणंदेच्या डोक्यातच आलं नव्हतं. चकतीबाई उठली, स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि रडली. नवरा गेल्यावर तोवर ती एकदाही रडली नव्हती.

परत येऊन तिने एकच प्रश्न विचारला, "वन्सं, जादूपासून बचाव कशाने होतो?"

"जादूरोधाने."

मग तिने जादूरोधाचा पिच्छाच पुरवला. हिशेब तसा साधा. तुमच्या अंगावरच्या कपड्या-दागिन्यांत किती जादूरोध आहे ते खेळ मोजतो, मंत्र टाकणारा किती ताकदीचा आहे ते मोजतो आणि फासा टाकतो. रोध थोडा असेल तर मंत्र पुरा लागतो, जास्त असेल तर कधी अर्धाच लागतो आणि कधी अंगाला शिवतसुद्धा नाही, डोक्यावर नुसती "निष्फळ" अशी अक्षरं तरंगतात. ती अक्षरं चकतीबाईला फार आवडायची. तिने रोधाचा झगा मिळवला, रोधाच्या दोन अंगठ्या, माळ, कंबरपट्टा, बूट. दाढीवाल्याने आयुष्यभर जपलेलं तलवारीचा वार झेलणारं चिलखत तिने पेटाऱ्यात टाकलं. चौथ्या वर्षी अशी स्थिती आली की भल्याभल्या मांत्रिकांनी मंत्र टाकावेत आणि दाढीवाल्याने माशी उडवावी तसं मान हलवून पुढे जावं.

आता या जुन्या खेळाची एक खोड आहे. नव्या खेळांत मित्राचा मंत्र वेगळा आणि शत्रूचा वेगळा धरतात. इथे तसं नाही. ज्यांनी खेळ बनवला त्यांनी जादू ती जादू असं धरलं, मग ती जाळणारी असो की जखम भरणारी. जादूरोध माणूस बघत नाही. म्हणून त्यांनी एक सोयही करून ठेवली होती. सहा नंबरचं बटण दाबलं की पाच सेकंद रोध उतरतो. पण त्या पाच सेकंदांत मित्राचं जसं पुरं लागतं तसंच शत्रूचंही पुरं लागतं. हे कळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी चकतीबाईने कारखान्यातून उरलेली एक हिरवी चकती आणली आणि सहा नंबरच्या बटणावर चिकटवून टाकली, चुकूनही बोट पडू नये म्हणून. जिने सव्वीस वर्षं जागा उघडी राहावी म्हणून चकती लावली, तिने घरी ती बरोबर उलट्या कामाला लावली, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. सवयीचा हात असा असतो.

हाताचंच खरं तर दुखणं होतं.

सहा महिन्यांपासून उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत होत्या. आधी सकाळी, मग दिवसभर, मग मुंग्याही बंद झाल्या आणि नुसतं बधिर. कप हातातून निसटायचा. खेळात ढाल वर करायला माऊसचं बटण दाबायचं, ते दाबलं की नाही हे बोटाला कळायचं नाही. नणंद कुरकुरायची, "ढाल हल्ली उशिरा का जाते वर?" आणि ही सांगायची, "इंटरनेट."

डॉक्टरीणबाईंनी मनगटाला तारा लावून तपासलं आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला गोळा दाबून दाखवला. डावीकडचा भरलेला होता, उजवीकडचा बसलेला. "शीर मनगटात दाबली गेलीय. ऑपरेशन छोटं आहे, पण ते महिन्याभरात व्हायला हवं. हा स्नायू एकदा सुकला की मग मी शीर मोकळी करूनही अंगठा परत येणार नाही."

"करा की," चकतीबाई म्हणाली.

"नंतर दोन आठवडे हात भिजवायचा नाही. सहा आठवडे काही उचलायचं नाही, पिळायचं नाही, दाबायचं नाही. घरी कोण आहे?"

"मी आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक कागद पुढे केला. वर पेशंटचं नाव, खाली एक ओळ, "सोबत राहणाऱ्या व्यक्तीचे नाते व फोन". ती ओळ भरल्याशिवाय तारीख मिळणार नव्हती. चकतीबाईने वरचं सगळं भरलं, खालची ओळ मोकळी ठेवली आणि कागद घडी घालून पर्समध्ये टाकला. ती ओळ कोणाच्या नावाने भरायची हे तिला चांगलंच ठाऊक होतं. पण ज्या बाईला आपण बॅगेसकट परत पाठवलं तिलाच आता बॅग भर म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं? कागद तीन आठवडे पर्समध्येच राहिला. अंगठा गेला तर टेबल जाणार हे तिला दिसत होतं. टेबल गेलं की दिवसभर करायचं काय, हेही दिसत होतं. तरी पर्स उघडली की ती कागदाच्या पलीकडचा रुमाल काढायची.

त्या रविवारी दोघी हिमचेटकिणीपुढे उभ्या राहिल्या. भावाबहिणीला ती कधी हरली नव्हती आणि नणंद-भावजयीलाही हरत नव्हती. चेटकीण मंत्र टाकायची, दाढीवाल्याच्या डोक्यावर "निष्फळ, निष्फळ" तरंगायचं, चकतीबाई खूश व्हायची. पण चेटकिणीच्या दुसऱ्या हातात बर्फाचा सोटा होता. तो हाणायची ती. मंत्र, सोटा, सोटा, मंत्र. दाढीवाला हळूहळू खचत गेला, गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला. सलग तिसऱ्यांदा.

"वहिनी, तुझ्या अंगावर काय काय आहे ते वाच बरं," हेडफोनमधून नणंद म्हणाली.

"झगा, दोन अंगठ्या, माळ, पट्टा, बूट."

"सगळं रोधाचंच?"

"मग? एकेक अंगठी मिळवायला महिना महिना घालवलाय मी."

"हो, पण मी आत्ता दहा मंत्र टाकले. मोजलेत. पाच वाया गेले, तीन अर्धे लागले, दोन पुरे. माझी सगळी शक्ती संपते नि तुझ्या अंगाला काही लागत नाही."

"तुम्ही जोरात टाका."

"काय जोरात टाका! कपडे धुतेय का मी?" नणंद वैतागली आणि मग स्वतःच हसली. "हे बघ, जादूने तू मरतच नाहीस. तू सोट्याने मरतेस. सोट्याला तुझा रोध दिसत नाही. आणि सोट्याच्या जखमा भरणार कोण, तर मी. मला तर तू आत येऊच देत नाहीस."

नणंद खेळाबद्दल बोलत होती. ते चकतीबाईला कळत होतं, तरी तिचे कान गरम झाले.

"तिने मंत्र टाकला की लगेच सहा दाबत जा," नणंद म्हणाली. "पुढच्या मंत्राला तिला सहा सेकंद लागतात. तुझा रोध उतरतो पाच सेकंद. तेवढ्यात मी भरून टाकीन."

"आणि एक सेकंद इकडचा तिकडे झाला तर?"

"तर मरशील. आता तरी काय करते आहेस?"

"पुढच्या रविवारी बघू," चकतीबाई म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

गुरुवारी दुपारी कारखान्यात सकाळच्याच बारा पेट्या तपासणीला लागल्या. तपासनीस मीटर घेऊन आला. मीटरचं एक टोक अर्थिंगच्या उघड्या जागेला, दुसरं पेटीच्या तळाच्या भोकातल्या बिनरंगाच्या आट्यांना लावायचं, वीज जात असेल तर मीटर ओरडतं. पहिल्या पेटीला ओरडलं, दुसरीला ओरडलं, आठवीपर्यंत ओरडलं. नवव्या पेटीला मीटर गप्प. तपासनीसाने वाकून बघितलं. उघडी जागा नव्हतीच. दाराच्या आतल्या अंगाला इथून तिथून एकसारखा करडा रंग, सुरेख बसलेला.

"चकतीबाई," तो हळूच म्हणाला, "आज जरा लक्ष नव्हतं का?"

तो चांगला माणूस होता आणि हळू बोलला, त्यानेच जास्त लागलं. ती म्हणाली, "मी लावली होती." आणि खरंच तिला तसंच वाटत होतं. मग शेजारच्या बाईने तिच्या उजव्या बाहीकडे बोट दाखवलं. मनगटाच्या जरा वर, बाहीवर, हिरवी चकती चिकटलेली होती. पेटीवर दाबली तेव्हा ती अंगठ्याबरोबरच उचलली गेली होती, तिथून बाहीला लागली होती, आणि अंगठ्याला त्याचा पत्ताच नव्हता.

रंगाऱ्याने मुकाट्याने पॉलिश पेपरचा तुकडा आणून तिच्या टेबलावर ठेवला. ती पेटीसमोर खाली बसली आणि डाव्या हाताने नाण्याएवढी जागा घासायला लागली. भट्टीतला रंग तो, सहजासहजी हटत नाही. घासताना तिची नजर पेटीवर फिरत होती. बाराही पेट्यांत हीच देखणी. दारावर कुठे म्हणून पत्रा उघडा नाही. पाऊस पडो, वारा लागो, हिला कुठूनच गंज येणार नव्हता. आणि बारांत माणूस मारू शकणारी पेटीही हीच एक होती.

चकतीबाईचा हात थांबला. तिला दाढीवाला आठवला, त्याचा झगा, माळ, दोन अंगठ्या. मग बसची खिडकी आठवली. तिने पॉलिश पेपर मांडीवर ठेवला. आपण इतकी वर्षं दुसऱ्यांना जे शिकवलं ते आपल्यालाच कळलं नव्हतं, याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. पेटी चुकल्याचीही तितकी नाही. मग ती पुन्हा घासायला लागली. अर्ध्या तासाने पत्रा दिसला. तपासनीसाने मीटर लावलं, मीटर ओरडलं, आणि सगळे आपापल्या कामाला गेले.

रविवारी सकाळी तिने लॅपटॉप उघडला, हेडफोन लावला आणि आधी डॉक्टरीणबाईंचा कागद पर्समधून काढून टेबलावर पसरला. घडीच्या रेघा काही जात नव्हत्या म्हणून त्यावर चहाचा कप ठेवला. मग डाव्या हाताच्या नखाने सहा नंबरच्या बटणावरची चकती उचकटली. चार वर्षांत तिथे धूळ बसली नव्हती. बाकीच्या बटणांवरचे आकडे झिजून पुसट झाले होते, हा सहा मात्र नवाकोरा होता.

"आलीस?" नणंद म्हणाली.

"आले. वन्सं, आज मी सहा दाबणार आहे. कधी ते तुम्ही सांगा."

"बरं," नणंद म्हणाली. "मी 'आता' म्हणेन. त्याच्या आधी नाही, त्याच्या नंतर नाही."

चेटकिणीने पहिला मंत्र टाकला. निष्फळ. "आता!" चकतीबाईने डाव्या हाताने सहा दाबलं. दाढीवाल्याच्या अंगावरची निळसर झळाळी विझली आणि तो एकदम साधा, थकलेला माणूस दिसायला लागला. एक, दोन, आणि मागून वैदिणीचा मंत्र आला. तो पुरा लागला. चार वर्षांत पहिल्यांदा असे एकामागून एक तीन पुरे लागले. आकडे हिरवे हिरवे वर चढत गेले आणि दाढीवाल्याची छाती पुन्हा भरली. झळाळी परत आली तेव्हा चेटकिणीचा पुढचा मंत्र हातातच होता.

"लागला!" नणंद ओरडली. "वहिनी, लागला गं सगळा!"

पुढचा पाऊण तास "आता" आणि सहा, "आता" आणि सहा असा गेला. दोनदा चुकलं. एकदा नणंद लवकर ओरडली, एकदा चकतीबाईने उशीर केला, आणि चेटकिणीचा मंत्र दाढीवाल्याला उघड्या अंगावर झेलावा लागला. तो निम्म्यावर आला, पण मेला नाही. मागे भरणारी होती. दादाला जमलं नव्हतं ते शेवटी दोघींना जमलं. चेटकीण तिच्या सोट्यासकट बर्फात कोसळली आणि नणंद हेडफोनमध्ये इतकी ओरडली की चकतीबाईने ते कानापासून लांब धरले.

"दादाने आज डोक्यावर घेतलं असतं घर," नणंद म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "बरं, एक विचारू? मघाशी तुझी ढाल एकदाही वेळेवर वर गेली नाही. इंटरनेट म्हणू नकोस. माझा आवाज तुला कसा मग वेळेवर पोचतो?"

चकतीबाईने कप उचलला. कागदावर चहाचं गोल उमटलं होतं.

"माझा उजवा हात गेलाय, वन्सं," ती म्हणाली. "म्हणजे गेला नाही. जाईल. ऑपरेशन करायचंय. सहा आठवडे मला काही उचलता येणार नाही, पिळता येणार नाही, कुलूपसुद्धा उघडता येणार नाही म्हणे."

"कधीपासून?"

"सहा महिने."

"सहा महिने!" नणंद म्हणाली. पूर्वी अशा वेळी चकतीबाई लगेच म्हणाली असती, मी ठीक आहे, काळजी करू नका. शब्द ओठांवर आलेही होते. तिने ते गिळले.

"आणि त्या बसच्या दिवशी तुम्ही खिडकीतून जे म्हणालात," ती म्हणाली, "ते मला ऐकू आलं होतं. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. चुकलं माझं."

तिने कागद जवळ ओढला.

"इथे एक कागद आहे," चकतीबाई म्हणाली. "सोबत कोण राहणार ते लिहायचंय. तुमचं लिहू?"

"लिही. आणि डाव्या हाताने लिहू नकोस, डॉक्टरला वाचता आलं पाहिजे."

"उजव्यात पेन राहत नाही हो."

"मग डाव्याने लिही. सावकाश लिही. मी आहे लाइनवर."

तिने पेन डाव्या हातात धरलं आणि नाते या शब्दापुढे नणंद असं लिहिलं. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी आली, एक वर, एक खाली. मग फोन नंबरची जागा आली.

"सांगू नंबर?" नणंदेने विचारलं.

नंबर चकतीबाईला तोंडपाठ होता. एकवेळ तिला नवऱ्याचा नंबर आठवत नसे, पण हा आठवायचा. ती म्हणाली, "सांगा," आणि नणंद एकेक आकडा सांगत गेली तसा एकेक लिहीत गेली.